सेकंडहँड बॉबकॅट घेऊन आठ महिने झाले, सिन्नरच्या पोल्ट्रीवर चालवतोय

आपल्याकडे स्किड स्टिअर (पुढे बकेट असलेलं छोटं लोडर मशीन) कुठल्याही कंपनीचा असो, लोक बॉबकॅटच म्हणतात म्हणून मीपण तेच लिहितोय. ब्रॉयलरचे दोन शेड आहेत, बॅच गेली की तूस मिसळलेलं खत काढायला आठ माणसं आणि तीन दिवस लागायचे, जेसीबी आत जात नाही कारण छत बुटकं आणि मधे खांब. आता एक ऑपरेटर एका दिवसात शेड मोकळा करतो. कामाला मशीन एक नंबर आहे, पण घेताना घाई करू नका.

आडगावच्या बाजूला एका यार्डात पहिलं मशीन बघितलं. नवा रंग, मीटरवर फक्त 1,900 तास. पण लिव्हरचं रबर पार गुळगुळीत झालेलं, आणि बकेट जमिनीला टेकवून जोर दिला तर बूमच्या (बकेट उचलणाऱ्या हातांच्या) पिनांमधे दोन सूत प्ले, म्हणजे ढिलेपणा. आज चालूच केलं नाही म्हणाले आणि बॉनेटला हात लावला तर गरम! तिथूनच परत फिरलो. मशीन थंड असतानाच स्टार्ट करून धूर बघायचा असतो, आणि मग तासभर काम करून घ्यायचं, कारण कमजोर हायड्रॉलिक पंप तेल तापल्यावरच उघडा पडतो, थंड असताना सगळं झकास वाटतं.

दुसरं अंबडच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडून घेतलं, 4,100 तास, 7 लाख 20 हजार. पिना घट्ट होत्या म्हणून घेतलं, पण चेनकेस, म्हणजे चाकांच्या चेनची तेलाची पेटी, उघडून बघायचं राहिलं. या मशीनला स्टिअरिंग नसतं, डावी चाकं आणि उजवी चाकं वेगवेगळ्या हायड्रॉलिक मोटरवर, मोटरपासून पुढच्या-मागच्या चाकाला चेन, आणि त्या चेन तेलात बुडालेल्या. घरी आणून प्लग काढला तर दुधाच्या चहासारखं तेल आलं, म्हणजे पाणी गेलेलं. तेल बदललं, चेन ताणली. सीटच्या बारचा (ऑपरेटरच्या पुढ्यात खाली येणाऱ्या दांड्याचा) स्विच, जो बार वर असताना बूम लॉक करतो, तो पण वायर जोडून डायरेक्ट केलेला होता, तो मी पहिल्याच दिवशी नीट करून घेतला. तो लॉक नसेल आणि कोणी बाहेरून आत वाकून लिव्हरला हात लावला तर बूम अंगावर येतो, माणूस जागेवर जातो. बूम वर ठेवून खाली काम करायचं तर त्याचा लोखंडी सपोर्ट लावल्याशिवाय आमच्याकडे कोणी खाली जात नाही.

पोल्ट्रीवर खरा त्रास रेडिएटरचा. तूस आणि धूळ जाळीत गच्च बसते, आम्ही दर दोन तासांनी मशीन बंद करून हवा मारतो, नाहीतर टेंपरेचरचा काटा चढलाच म्हणून समजा. खताने वायरिंगचे जोड पण हिरवे पडतात, काम झालं की धुवून घ्यायचं. ग्रीस रोज सकाळी.

टायर 10-16.5 साइजचे, काँक्रीटवर जागेवर गोल फिरवलं की रबर खरवडून निघतं, त्यामुळे ऑपरेटरला मागे-पुढे घेत वळायला शिकवलं. ओलं खत फार जड असतं, म्हणून बकेट पाऊणच भरतो, कंपनी जी क्षमता लिहिते ती मशीन कलंडायच्या वजनाच्या निम्मी असते. चढावर रिकामं असलं की रिव्हर्समधे चढवायचं, कारण तेव्हा वजन मागे असतं, आणि भरलेलं असलं की सरळ, बकेट जमिनीलगत. पुढच्या बॅचआधी डाव्या बाजूच्या मोटरचं सील बदलायचंय, थोडं तेल पाझरतंय.