जुन्या रेकॉर्ड घ्याव्या की ॲपची वर्गणी भरावी?

सोयीचं म्हणाल तर ॲपच. नागपुरातल्या बर्डीच्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत हवं ते गाणं कानात वाजतं. रेकॉर्डला जागा लागते, सुईचा खर्च वेगळा, आणि इथे पारा ४५ च्या वर गेला की खिडकीशी ठेवलेली तबकडी वाकते. तरीही माझे पैसे आता जुन्या रेकॉर्ड आणि सीडींकडेच वळतात.

ॲपवर नाट्यसंगीताचा एक अल्बम मी नेहमी ऐकायचो. एके दिवशी त्यातली सगळी गाणी राखाडी दिसू लागली, दाबली तरी वाजेनात. वर्गणी चालूच होती. ॲपचा गाण्यांच्या कंपनीशी असलेला करार संपला असावा. आत्याला त्यातलं एक पद ऐकायचं होतं, आणि इतके पैसे भरूनही तिच्या हाती देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मला हेच सगळ्यात खुपलं.

पैसे मोजून डाऊनलोड केलेल्या गाण्याचंही तेच. अमेरिकेत रीडिजी कंपनी अशी वापरलेली गाणी पुन्हा विकायची सोय देत होती. फाईल पाठवताना नवी प्रत तयार होते, म्हणून हे चालणार नाही, असं तिथल्या अपील कोर्टाने २०१८ मध्ये ठरवलं.

तबकडीचं तसं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा विक्रीचा हक्क प्रत आधी विकली गेली असली तरी कायम ठेवला होता. २०१२ मध्ये ‘आधी विकली गेली असली तरी’ या अर्थाचे ते शब्द काढले. त्यामुळे घरातली अस्सल रेकॉर्ड विकायला फार बिचकू नये, असं मला वाटतं. भाड्याचं मात्र जपून. पूर्वीच्या कॅसेट लायब्ररीसारखा धंदा करायचा तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी हवीच. ना-नफा वाचनालयाने रीतसर घेतलेली प्रत नफा न कमावता दिली, तर ते व्यावसायिक भाडं ठरत नाही. संग्रह पुढे सोपवायचा असेल तर मला ही वाट फार चांगली वाटते.

सीडी घेताना कव्हरवर निर्मात्याचं नाव-पत्ता, हक्कधारक आणि प्रकाशनाचं वर्ष बघा; त्याच कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे ते छापावंच लागतं. नसेल तर मी ती तिथेच ठेवतो.

रोज नवी सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला ॲप पुरेल. पण जे गाणं दहा वर्षांनीही घरात हवं, त्याची तबकडी शोधाच. ती उभी ठेवा, आणि कूलरच्या झोतात नको. कव्हरला बुरशी धरते.