व्यवसाय नेटवर्किंग गटाचे सदस्यत्व : कच्च्या रेफरलचे गट काय करतो?

दर आठवड्याला सकाळी भरणाऱ्या एका व्यवसाय नेटवर्किंग गटाचे सदस्यत्व मी नुकतेच आणखी एका वर्षासाठी घेतले आहे. सभेची शिस्त, वेळेचे भान आणि पाहुण्यांची विचारपूस याबाबत या गटाला नावे ठेवायला जागा नाही. परंतु सदस्य शुल्क भरतो ते कामासाठी, आणि काम येते ते रेफरलमधून, म्हणजे दुसऱ्या सदस्याने सुचवलेल्या संभाव्य ग्राहकाच्या नावातून. म्हणून हे परीक्षण एवढ्याच प्रश्नाभोवती आहे की, हाती पडलेले रेफरल कच्चे निघाले, म्हणजे समोरच्याला कामाची खरी गरज नसली किंवा आपला फोन येणार हे त्याला ठाऊकच नसले, तर गट त्याची दखल कशी घेतो.

एका व्यवसायाचा एकच सदस्य, हा या गटाचा पाया आहे. १९०५ साली शिकागोत सुरू झालेल्या रोटरीने व्यवसायनिहाय सदस्यत्वाची प्रथा रुजवली आणि १९८५ साली इव्हान मिसनर यांनी स्थापन केलेल्या बीएनआय या व्यवसाय नेटवर्किंग संस्थेने साप्ताहिक सभेत रेफरल देण्याघेण्याची पद्धत सर्वदूर पोहोचवली. आज असे बहुतेक गट याच धर्तीवर चालतात. या रचनेत गटांतर्गत स्पर्धा उरत नाही हे खरे, पण त्याचबरोबर दर आठवड्याला उभे राहून ‘या आठवड्यात मी काय दिले’ हे सर्वांसमोर सांगावे लागते, आणि ज्याच्याकडे त्या आठवड्यात देण्यासारखे काही नसते तो एखादे नाव आणि फोन नंबर चिठ्ठीवर लिहून मोकळा होतो. कच्ची रेफरल्स बहुधा वाईट हेतूने नव्हे, तर या दडपणातून जन्माला येतात.

मी ऑफिसे आणि दवाखान्यांच्या विद्युत जोडणीची कामे करतो. मला मिळालेल्या एका चिठ्ठीवर नाव, नंबर, ‘ऑफिसचे वायरिंग’ एवढा मजकूर होता आणि ‘तुमचा फोन येईल असे सांगितले आहे’ या चौकटीत ठळक खूण होती. फोन लावल्यावर समोरच्या गृहस्थांनी पहिला प्रश्न केला तो ‘माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?’ असा. ऑफिस हलवावे असे ते केव्हातरी बोलून गेले होते इतकेच. नवी जागा पाहिलेलीसुद्धा नव्हती. अशा फोनमध्ये वेळ तर जातोच, पण रेफरल देणाऱ्याची पतही थोडी खर्ची पडते, आणि त्याला त्याचा पत्ताच नसतो.

येथे गटाची व्यवस्था मला मनापासून आवडली. रेफरल मिळालेल्या सदस्याने आधी देणाऱ्याशी थेट बोलायचे, त्यानंतर काय निष्पन्न झाले ते समितीला लेखी कळवायचे, आणि ही नोंद सभेत कधीही वाचून दाखवायची नाही, असा नियम आहे. शेवटची अट फार मोलाची आहे, कारण देणारा सदस्य अनेकदा आपला ग्राहकही असतो आणि चारचौघांत त्याला उघडे पाडण्यापेक्षा माणसे गप्प राहणेच पसंत करतात. त्या गृहस्थांकडून मला काम मिळाले नाही. मात्र त्याच सदस्याच्या पुढच्या चिठ्ठ्यांवर फोन कधी करावा, निर्णय कोण घेणार आणि जागा ताब्यात आली आहे का, हे लिहिलेले येऊ लागले.

प्रशिक्षणाची बाजूही भक्कम आहे. ‘कोणाचेही इलेक्ट्रिकचे काम असेल तर सांगा’ अशी मागणी करणाऱ्याला कोणाचेही नाव मिळणार, हे येथे नव्या सदस्याला पहिल्याच वन-टू-वन (दोनच सदस्यांच्या) भेटीत समजावले जाते. त्याऐवजी ‘नवा दवाखाना सुरू करणारे डॉक्टर, ज्यांनी जागा ताब्यात घेतली आहे पण फॉल्स सीलिंगचे काम सुरू झालेले नाही’ असे मागितले, तर ऐकणाऱ्याला आपल्या ओळखीतला नेमका माणूस आठवतो, आणि त्या माणसाला काय विचारून घ्यायचे हेही कळते. सभेत मागणी मांडायला मिळणाऱ्या साठ सेकंदांचा उपयोग असा करायला शिकवणारी मंडळी मिळणे, हीच माझ्या मते या शुल्काची खरी परतफेड आहे.

गट कमी पडतो तो मोजणीत. रेफरल किती ‘गरम’ आहे, म्हणजे त्यातून काम मिळण्याची शक्यता किती, याचा एक ते पाच असा अंक देणाराच लिहितो, त्यामुळे चार किंवा पाचशिवाय दुसरा अंक क्वचितच दिसतो. तो अंक घेणाऱ्याने फोन केल्यानंतर लिहायला हवा. वार्षिक गौरव आणि नूतनीकरणाचा अहवालही दिलेल्या चिठ्ठ्यांची संख्याच पाहतो, आणि झालेल्या व्यवसायाची रक्कम सदस्य सांगेल ती धरली जाते. समितीकडे निष्कर्षांच्या नोंदी असताना त्या बाजूला ठेवून नुसत्या संख्येला टाळ्या वाजवणे मला पटत नाही, कारण वर सांगितलेले दडपण त्यातूनच पुन्हा तयार होते.

अशा कोणत्याही गटात पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी मासिक अहवाल पाहायला मागावा आणि त्यात ‘प्रत्यक्ष बोलणे झाले’ व ‘परत कळवले’ अशी काही नोंद आहे का, ते तपासावे. आमच्या गटात हे रकाने अद्याप नाहीत. मी तशी लेखी सूचना केली असून पुढच्या तिमाहीत ते घालून पाहण्यास समितीने मान्यता दिली आहे. तो अहवाल हाती आल्यावर या परीक्षणात भर घालीन.