बॉल हेड की फ्लुइड हेड?

बेताच्या पैशांत एकच ट्रायपॉड घ्यायचा असेल, तर पायांइतकाच विचार त्यावरच्या हेडचा, म्हणजे कॅमेरा बसवून फिरवायच्या भागाचा, करावा लागतो. बॉल हेडचा एकच नॉब सैल केला की कॅमेरा हवा तसा वळतो, म्हणून छायाचित्रणासाठी ते फार सोयीचे आहे. मात्र चित्रीकरण चालू असताना कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवू लागलो (म्हणजे ‘पॅन’ करू लागलो), की क्षितिजरेषा कलू लागते. फ्लुइड हेडमध्ये आडवी आणि उभी हालचाल वेगवेगळी होते व आतल्या दाट द्रवाच्या रोधामुळे ती संथ, एकसारखी राहते. स्वस्त हेडवर ‘फ्लुइड’ असे छापलेले असले तरी आत पुष्कळदा साधे ग्रीसच असते. त्यामुळे हेडचा दांडा हळूच फिरवून थांबताच कॅमेरा किंचित मागे उसळतो का, हे घेण्यापूर्वी पाहावेच. हेड सुटे होत असेल, तर पायांवरचा स्क्रू ३/८ इंची असावा, म्हणजे पुढे चांगले हेड बसवता येते. व्हिडिओ थोडाफारही करणार असाल, तर माझ्या मते फ्लुइड हेडच घ्यावे, कारण त्यावर छायाचित्रे, सावकाश का होईना, उत्तम काढता येतात. बॉल हेडवर संथ पॅन मात्र सहसा साधत नाही.