पाम सेंटरचे अहवाल: आकडे घ्या, पण ताळा करून

अमेरिकेच्या फौजेत समलिंगी आणि ट्रान्सजेंडर सैनिकांनी उघडपणे नोकरी करावी की नाही, या वादात ॲरन बेल्किन या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाच्या अहवालांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्यांनी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उभं केलेलं केंद्र २००६ पासून पाम सेंटर म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि २०२२ मध्ये ते बंद झालं. संस्था अर्धी संशोधनाची, अर्धी बाजू लढवण्याची. बंदी उठावी हा हेतू कुणी लपवलाही नाही. म्हणून हे अहवाल वाचताना शेवटचं पान आधी उघडू नये. हिशेब कसा मांडलाय तो बघावा.

वाचायला सुरुवात २००६ च्या खर्चाच्या अहवालापासून करा. १९९३ च्या कायद्याने ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण आलं: वरिष्ठांनी विचारायचं नाही, सैनिकाने सांगायचं नाही, कळलं तर घरी पाठवायचं. २००५ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९४ ते २००३ चा खर्च काढला. ९,४८८ जणांना काढलं होतं. त्यांच्या जागी भरती करायला ९.५४ कोटी डॉलर आणि नव्यांच्या प्रशिक्षणाला ९.५१ कोटी, मिळून १९.०५ कोटी. काढलेल्यांपैकी ३२२ जणांना अरबी, फारसी, कोरियन अशा गरजेच्या भाषांचं ज्ञान होतं. पाम सेंटरने नेमलेल्या आयोगाने तोच ताळेबंद पुन्हा मांडला आणि आकडा ३६.३८ कोटींवर गेला. फरक का पडला, तर मुख्यतः सैनिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च मूळ हिशेबात कमी धरला होता; अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा तर धरलेलाच नव्हता. सैनिकापेक्षा अधिकारी घडवायला किती जास्त पैसा लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याला ही दुसरी चूक लगेच कळते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचता येतात, ही यातली खरी जमेची बाजू. आयोगात विल्यम पेरी होते, म्हणजे हे धोरण राबवणाऱ्या सरकारचेच माजी संरक्षणमंत्री. निवड हुशारीची होती, यात शंका नाही.

परदेशी फौजांवरचे अभ्यास त्याआधीचे. धोरणाचे समर्थक, त्यात समाजशास्त्रज्ञ चार्ल्स मॉस्कोस आघाडीवर, सांगायचे की तुकडीची एकजूट मोडेल. बेल्किन आणि सहकाऱ्यांनी बंदी उठवलेले देश घेतले: कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया (१९९२), इस्रायल (१९९३), ब्रिटन (२०००). अधिकारी, अभ्यासक, संघटना, सरकारी कागद, वर्तमानपत्रं सगळं चाळून एकच प्रश्न विचारला: लढण्याची क्षमता घटल्याचा पुरावा कुणाकडे आहे का? कुणाकडेच नव्हता. पण इथे हात राखून वाचा. नुकसान सापडलं नाही आणि नुकसान झालं नाही, या दोन वाक्यांत अंतर आहे. बंदी उठल्यावरही फार थोडेजण उघडपणे वावरत असतील, तर काही न बदलणं साहजिकच. हे अभ्यास ‘आकाश कोसळेल’ हा दावा खोडतात. त्यापुढचं ओझं त्यांच्यावर टाकू नये.

२००९ चा अहवाल कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता. सैनिकांना सेवेतून मोकळं करणं रोखून धरण्याचा अधिकार वापरून राष्ट्राध्यक्ष बडतर्फ्या थांबवू शकतात, असा त्याचा युक्तिवाद. ओबामांनी तो मार्ग घेतला नाही. कायदा संसदेतून रद्द झाला आणि २० सप्टेंबर २०११ ला धोरण संपलं.

धोरण संपल्यावर फौजेचं काय झालं हे पाहणारा, वर्षभराने आलेला २०१२ चा अभ्यास मात्र सोडू नका. लष्करी अकादम्यांचे प्राध्यापक सहलेखक होते. बदलामुळे फौज मोडेल अशा निवेदनावर सह्या करणाऱ्या निवृत्त जनरल-ॲडमिरलांपैकी ५५३ जणांशी संपर्काचा प्रयत्न केला आणि मुलाखत दिली फक्त १३ जणांनी. विरोधकाला शोधून त्याचं म्हणणं नोंदवायची ही पद्धत कौतुकाची. एक वर्षाचा काळ तोकडा आहे, हे खरंच.

आता ट्रान्सजेंडर सैनिकांचे आकडे. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बेल्किन यांच्या २०१५ च्या लेखात १२,८०० सैनिक, त्यांपैकी वर्षाला १८८ जणांना लिंगबदलाशी संबंधित उपचार, प्रत्येकी २९,९२९ डॉलर. गुणाकार करा, साधारण ५६ लाख येतात. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नियमित सेवेत १,३२० ते ६,६३० जण धरले आणि खर्च २४ ते ८४ लाख काढला. पुष्कळजण १२,८०० आणि १,३२० शेजारी ठेवून ‘दहापट फुगवलं’ म्हणतात. पहिल्या आकड्यात राखीव दल धरलंय, दुसऱ्यात नाही. रँडचा राखीव दलासकटचा अंदाज २,१५० ते १०,७९०. खर्च ठरतो तो उपचार घेणाऱ्यांच्या संख्येवर, एकूण संख्येवर नाही. म्हणून दोघांची रक्कम एकाच टप्प्यात येते.

पाम सेंटरचा सगळ्यात कच्चा आकडा २०१७ चा: बंदी आली तर बदली माणसं घ्यायला ९६ कोटी डॉलर. म्हणजे १२,८०० गुणिले ७५,०००. सगळेच्या सगळे बाहेर जातील हे गृहीत धरलंय. रँडची संख्या घातली तर तोच हिशेब सुमारे १६ ते ८१ कोटींत बसतो. मथळ्यासाठी वरचं टोक उचललेलं दिसतं, आणि असं करायची त्यांना गरजही नव्हती.

ट्रान्सजेंडर सैनिकांवरची ट्रम्प यांची २०१७ ची बंदी वैद्यकीय खर्चाचं कारण सांगून आली होती, म्हणून ५६ लाखांचा आकडा तिला थेट भिडला. त्यांचाच जानेवारी २०२५ चा बंदीचा आदेश सैनिकाच्या सचोटीची आणि शिस्तबद्ध जगण्याची भाषा बोलतो; सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला तो लागू होऊ दिला. चारित्र्यावरच्या आरोपाला गुणाकाराने उत्तर देता येत नाही. बेल्किन यांच्या पद्धतीची मर्यादा इथे उघडी पडते.

भारतात हे साहित्य वापरायचं तर आधी पाया वेगळा आहे हे लक्षात घ्या. ३७७ कलमावरचा निकाल सप्टेंबर २०१८ चा. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी लष्करात हे चालणार नाही असं सांगितलं. आर्मी ॲक्ट १९५० च्या ४६ व्या कलमात ‘अनैसर्गिक’ वर्तनाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अमेरिकेत हिशेब शक्य झाला, कारण काढलेल्यांची वर्षवार संख्या आणि त्यांची कामं सरकारी अहवालात छापली गेली. इथे माहिती अधिकारात पहिला अर्ज त्यासाठीच करावा लागेल: वर्ष, हुद्दा, कामाचा प्रकार, कुठल्या कलमाखाली. नाव मागू नका, अर्ज तिथेच फेटाळला जाऊ शकतो.