एडी९८३३ वेव्हफॉर्म जनरेटर मॉड्यूल: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव आणि "आउटपुटच येत नाही" वर काय करायचं

आधीच सांगतो, ऑडिओ रिपेअर करणाऱ्याने किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याने हे मॉड्यूल घ्यावंच. काही शे रुपयांत एवढी स्थिर साइन वेव्ह दुसऱ्या कशातून मिळत नाही. पण घेतलं आणि दोन दिवसांत "खराब निघालं" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं असं करणारे पण खूप बघितलेत, आणि ती मॉड्यूल माझ्याकडे आली की त्यातली बहुतेक व्यवस्थित चालतात. म्हणून नुसतं चांगलं की वाईट न लिहिता कुठे काय अडतं ते सगळं लिहितोय.

माझं काम कळव्यात, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं. गणपतीच्या आधी मंडळांचे ॲम्प्लिफायर यायला लागतात, तेव्हा इनपुटला १ किलोहर्ट्झची साइन द्यायची आणि स्कोपचा (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा) प्रोब घेऊन एकेक स्टेज बघत पुढे जायचं, जिथे साइनचं डोकं कापलेलं दिसेल किंवा सिग्नल गायब होईल तिथे फॉल्ट, दिवसभर हेच. पूर्वी एक्सआर२२०६ या जुन्या जनरेटर चिपचं किट वापरायचो, ते पण वाईट नाही, पण त्यात फ्रिक्वेन्सी रेझिस्टर-कपॅसिटरवर ठरते त्यामुळे पॉटला (फिरवायच्या रेझिस्टरला) धक्का लागला की आकडा सरकतो आणि साइनचा आकार प्रीसेट फिरवून जमवावा लागतो. एडी९८३३ मध्ये ही भानगडच नाही. आत २८ बिटचा ॲक्युम्युलेटर (बेरीज साठवणारा भाग) आहे, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला तुम्ही दिलेला आकडा त्यात मिळवला जातो, त्याच्या वरच्या बिट्सवरून साइनच्या टेबलातली किंमत उचलली जाते आणि १० बिटच्या डॅकमधून (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या भागातून) बाहेर येते. हा क्लॉक मॉड्यूलवरच्या ऑसिलेटरमधून येतो, तो २५ मेगाहर्ट्झचा असेल तर साधारण ०.१ हर्ट्झच्या पायरीने फ्रिक्वेन्सी सेट होते आणि सेट केली की हलत नाही.

आता मुख्य मुद्दा. ही चिप मुकी आहे. तिच्यात डेटा, डेटाचा वेगळा क्लॉक आणि एफसिंक (चिप निवडायची तार) अशा तीन तारा जातात पण परत येणारी तार एकही नाही, म्हणजे मॉड्यूल चालवणाऱ्या अर्डुइनो बोर्डवर तुमचा कोड अपलोड झाला, सिरियल मॉनिटरवर "१००० हर्ट्झ सेट" असं छान छापून आलं तरी चिपला ते पोचलं का नाही हे कोडला कळायचा काही मार्गच नाही. त्यामुळे तार सुटली असो, ऑसिलेटर बंद असो, एसपीआयचा (या तारांवरून डेटा पाठवायच्या पद्धतीचा) मोड चुकला असो, लक्षण एकच, आउटपुट नाही. आणि मग लोक लायब्ररी बदल, अर्डुइनो बदल, शेवटी मॉड्यूल बदल असं करत बसतात. शोध आउटपुटच्या बाजूने करायचा, कोडच्या बाजूने नाही.

स्कोप नसला तरी चालतं, साधा मल्टिमीटर पुरतो. स्क्वेअर वेव्ह मोड लावा आणि फ्रिक्वेन्सी अर्ध्या हर्ट्झच्या आसपास द्या. स्क्वेअरमध्ये आउटपुट शून्यापासून पूर्ण सप्लायपर्यंत जातं, त्यामुळे मीटर डीसी व्होल्टवर ठेवला की आकडा साधारण सेकंदभर खाली आणि सेकंदभर वर असा झुलताना दिसतो. झुलतोय म्हणजे सप्लाय आहे, क्लॉक चालू आहे, कमांड पोचतायत आणि फ्रिक्वेन्सीचं गणित पण बरोबर आहे, एका टेस्टमध्ये चार गोष्टी. आकडा एका जागी चिकटून बसला तर चिपचा रीसेट सोडलेला नाही, नाहीतर कमांड पोचत नाहीयेत, नाहीतर ऑसिलेटर मेलेला. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेल्या एका मॉड्यूलवर ऑसिलेटरच डेड निघाला होता, दुसऱ्या मॉड्यूलवरचा काढून लावला आणि चालू झालं, चिपला काहीच झालं नव्हतं.

वायरिंगचं थोडक्यात. हेडर पिना बऱ्याचदा सुट्ट्या येतात, त्या सोल्डर न करता नुसत्या भोकात अडकवून ब्रेडबोर्डवर लावल्या तर कधी चालणार कधी नाही. ग्राउंड अर्डुइनो, मॉड्यूल आणि पुढचं सर्किट तिघांचा एक पाहिजे. आणि आमच्यासारखं खाडीजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यात जंपर वायरींवर भरवसा ठेवू नये, पिना काळ्या पडतात आणि मग फॉल्ट सापडता सापडत नाही. ब्रेडबोर्डवर ट्रायल झाली की जनरल पीसीबीवर सोल्डर करून टाका, माझं मॉड्यूल तसं केल्यापासून एकदाही अडलेलं नाही.

एसपीआय मोड हा सगळ्यात फसवा प्रॉब्लेम. ही चिप एसपीआयच्या क्लॉकच्या पडत्या कडेला डेटा उचलते आणि तो क्लॉक रिकामा असताना वर लागतो, म्हणजे मोड २. अर्डुइनोत काही सांगितलं नाही तर मोड ० असतो, त्यात नेमकं पडत्या कडेलाच डेटा बदलत असतो, म्हणजे चिप उचलायला जाते त्याच क्षणी डेटा हलतोय. म्हणून पूर्ण बंद पडत नाही, कधी बरोबर फ्रिक्वेन्सी येते कधी भलतीच, आणि माणूस म्हणतो मॉड्यूल लूज आहे. पहिल्यांदा मोड बघा.

कमांडचा क्रम पण पाळावा लागतो. पॉवर दिल्यावर चिप स्वतःहून स्वच्छ स्थितीत येईल असं धरून चालू नका, रीसेट द्यायचाच. आधी हेक्स २१००, म्हणजे रीसेट लावून दोन भागांत फ्रिक्वेन्सी येतेय असं सांगणं, मग फ्रिक्वेन्सीचे खालचे १४ बिट, मग वरचे १४ बिट, मग फेज, आणि शेवटी २००० देऊन रीसेट सोडायचा की साइन सुरू. त्रिकोणी पाहिजे तर २००२. स्क्वेअरला २०२८. इथे खूप जण २०२० देतात आणि मग विचारतात की स्क्वेअर अर्ध्याच फ्रिक्वेन्सीची का येते, तर तो एक बिट राहिला की चिप दोनने भागूनच देते, तसं तिच्यात मुद्दाम ठेवलेलं आहे.

फ्रिक्वेन्सीचा आकडा म्हणजे पाहिजे ती फ्रिक्वेन्सी गुणिले २६८४३५४५६ भागिले क्लॉक. २५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर ४०० हर्ट्झला उत्तर ४२९५ येतं, हेक्समध्ये १०सी७, त्यात रजिस्टरचा पत्ता मिळवला की ५०सी७, हा आकडा तोंडपाठ ठेवा, कोड तपासायला उपयोगी पडतो. आणि एक खूण सांगतो. दीड किलोहर्ट्झपर्यंत सगळं बरोबर आणि त्याच्या वर गेलं की फ्रिक्वेन्सी एकदम खाली येऊन परत पहिल्यापासून वाढायला लागते असं झालं तर वरचे १४ बिट पोचतच नाहीयेत, कारण नुसत्या खालच्या १४ बिटांत १५२५ हर्ट्झच्या आसपासच मावतं. आणि ३२७६७ च्या वर गोंधळ होत असेल तर कोडमध्ये फ्रिक्वेन्सी इंटमध्ये ठेवलीय, अर्डुइनो युनोवर इंट १६ बिटचाच असतो, लाँग करा.

आता समजा आउटपुट आलं. पुढची तक्रार ठरलेली, "फारच कमी व्होल्टेज आहे". हो, एवढंच असतं! साइन आणि त्रिकोणी साधारण ०.६ व्होल्ट पीक टू पीक (खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत), मीटरच्या एसी रेंजवर ०.२ च्या थोडं वर दिसेल, आणि ते पण १०० हर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सीला बघा कारण स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला एसी खोटं दाखवतात. शिवाय हा सिग्नल शून्याच्या वर-खाली फिरत नाही, सगळाच्या सगळा शून्याच्या वर असतो, मधे एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास डीसी. तसाच ॲम्प्लिफायरला दिला तर काही सर्किटांचं बायस हलतं. म्हणून मधे कपॅसिटर पाहिजे, पुढचं इनपुट १० के असेल तर १० मायक्रोफॅरडने दीड हर्ट्झपर्यंत काही अडत नाही.

ऑडिओला लाइन लेव्हल म्हणजे ०.७७५ व्होल्ट आरएमएस धरली तर साधारण साडेतीन-चार पट वाढवायला लागतं. त्यासाठी एलएम३५८ हा ऑपॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप) लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तो ५ व्होल्टवर वर फार जात नाही, शून्याच्या जागी साइनला खाच पडते, आणि फॉल्ट शोधायच्या सिग्नलमध्येच खाच असेल तर गिऱ्हाइकाच्या ॲम्प्लिफायरला दोष कुठल्या तोंडाने द्यायचा. मी एनई५५३२ प्लस-मायनस १२ व्होल्टवर लावलाय, ऑडिओ रेंजमध्ये साइन स्वच्छ येते. फक्त त्याच ऑपॲम्पमधून स्क्वेअर काढायला गेलात तर ५ व्होल्टची चार पट होऊन वरच्या रेलला आपटणार, म्हणून स्क्वेअरसाठी आधी रेझिस्टरने कमी करून घ्यायचं.

दुरुस्तीवाल्यांनी अजून एक करा. ॲम्प्लिफायरच्या आत ४०-५० व्होल्ट डीसी असलेल्या जागी सिग्नल टोचला की कपॅसिटर चार्ज होतानाचा धक्का उलटा येतो, चिपच्या आउटपुटला सप्लायच्या वर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त सहन होत नाही. आउटपुटला सिरीजमध्ये १ के आणि सप्लाय-ग्राउंडकडे एकेक १एन४१४८ डायोड लावलात की वाचते. आणि एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मेन्सकडच्या बाजूला हे मॉड्यूल कधीही जोडू नका, मागे यूएसबी, यूएसबीच्या मागे तुमचा लॅपटॉप आणि तुम्ही स्वतः.

आउटपुटवर बारीक खरखर किंवा ५० हर्ट्झचा हम्म दिसला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच संपतं. नाही संपलं तर मॉड्यूलच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ आणि १० मायक्रोफॅरड लावा.

वरच्या फ्रिक्वेन्सीबद्दल जाहिरातीत १२.५ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, तो क्लॉकच्या निम्म्याचा हिशोब आहे, कामाचा नाही. ५ मेगाहर्ट्झला एका सायकलमध्ये पाचच ठिपके येतात, त्यातून त्रिकोण कसा दिसणार? १० मेगाहर्ट्झला साइनची उंची जवळपास पाव भाग कमी होते आणि सोबत १५ मेगाहर्ट्झची नको असलेली पण निघते, साध्या मॉड्यूलवर ती अडवायला फिल्टर नसतो. स्क्वेअरची कड पण क्लॉकच्या ठोक्यालाच पडते, त्यामुळे २५ मेगाहर्ट्झला नीट भाग न जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीला कड ४० नॅनोसेकंद पुढेमागे थरथरते, तो मॉड्यूलचा फॉल्ट नाही. रेडिओच्या कामासाठी हे घेऊ नका, ऑडिओ आणि काही शे किलोहर्ट्झपर्यंत बिनधास्त.

फ्रिक्वेन्सी काउंटर असेल तर १ मेगाहर्ट्झ लावून मोजा. समजा १०००००० च्या जागी १००००३० आलं तर क्लॉक ३० पीपीएम (दहा लाखात ३०) जास्त आहे, कोडमध्ये २५०००००० ऐवजी २५०००७५० लिहायचं, झालं, पुढे सगळ्या फ्रिक्वेन्सी बरोबर येतात.

विकत घेताना दोन प्रकार दिसतील. एक साधं, दुसऱ्यावर एमसीपी४१०१० डिजिटल पॉट आणि एक ऑपॲम्प, म्हणजे व्होल्टेज पण कोडमधून कमीजास्त होतं. ऐकायला दुसरं भारी वाटतं पण पॉटला एसपीआय मोड ० किंवा ३ लागतो आणि जनरेटरला २, दोघं त्याच तारांवर, त्यामुळे प्रत्येक वेळी मोड बदलून मगच बोलायचं आणि एकाशी बोलताना दुसऱ्याची सिलेक्ट पिन वर ठेवायची. नवशिक्याने साधंच घ्यावं आणि ऑपॲम्प स्वतः लावावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हातात घेऊन बघता येतं, ऑनलाइन घेत असाल तर फोटो मोठा करून चांदीच्या रंगाच्या ऑसिलेटरवर २५.००० लिहिलंय का ते बघा, वेगळा आकडा असेल तरी चालतं, फक्त कोडमध्ये तोच टाकायला लागेल.