दोन सॉकेटांच्या सर्व्हरवर मेमरी कोठून द्यावी: स्थानिक, वाटलेली की बांधलेली?

दोन सॉकेटांच्या, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या दोन जागा असलेल्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला जोडलेली मेमरी हा सहसा एक वेगळा नोड असतो, आणि स्वतःच्या नोडवरचे पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) शेजारच्या नोडवरच्या पानापेक्षा लवकर हाती लागते. या रचनेला न्यूमा म्हणतात. फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) हे अंतर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतःच्या नोडसाठी १० आणि दुसऱ्यासाठी बहुधा २० किंवा २१ असे कळवते. हे आकडे केवळ सापेक्ष आहेत, त्यांवरून नॅनोसेकंद काढू नयेत.

वेगळे काही सांगितले नाही, तर लिनक्स स्थानिक धोरण पाळतो. बहुतेकांची फसगत होते ती इथेच. प्रोग्राम मेमरी मागतो तेव्हा त्याला फक्त पत्ते मिळतात; प्रत्यक्ष पान मिळते ते त्यावर पहिल्यांदा लिहिले जाते तेव्हा, आणि लिहिणारा थ्रेड (प्रोग्राममधील स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) ज्या नोडवर चालू असेल शक्यतो त्याच नोडवरचे. त्यामुळे डेटाबेसने सुरू होताना मोठा बफर (डेटा तात्पुरता ठेवण्याची मेमरीतली जागा) एकाच थ्रेडकडून शून्यांनी भरून घेतला, तर एक नोड तुडुंब भरतो आणि दुसऱ्या सॉकेटवरचे थ्रेड दूरची मेमरी वाचत बसतात.

आळीपाळीने वाटण्याच्या धोरणात पाने दोन्ही नोडांवर सारखी पसरतात. निम्मे वाचन दूरचे होते हे खरे, पण दोन्हीकडची बँडविड्थ (दर सेकंदाला डेटा वाहून नेण्याची क्षमता) वापरात येते आणि कोणताही एक नोड एकटा गुदमरत नाही. सर्व थ्रेड ज्याला हात घालतात अशा सामायिक बफरसाठी मी हेच निवडेन. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबीत (डेटा साठवणाऱ्या भागात) तर त्यासाठी स्वतंत्र सेटिंगच आहे. नोडांची बँडविड्थ असमान असेल, तर २०२४ मधील ६.९ कर्नलपासून वजनानुसार वाटपही करता येते.

बांधणीचे धोरण कडक आहे: नेमून दिलेला नोड संपला की शेजारी कितीही मेमरी मोकळी असली तरी कर्नल तिकडे वळत नाही, आणि प्रक्रिया मारली जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. एका नोडात आरामात मावणाऱ्या व्हर्च्युअल मशीनसाठी ते उत्तम, मात्र प्रोसेसरही त्याच नोडचे बांधावेत. मावण्याची खात्री नसेल, तर ‘पसंतीचा नोड’ हा सौम्य पर्याय बरा.

२०१३ मधील ३.८ कर्नलपासून आलेले स्वयंचलित संतुलन पाने मागाहून योग्य नोडवर हलवते, पण कोण कोणते पान वापरतो हे हेरण्यासाठी मुद्दाम पेज फॉल्ट घडवते, म्हणजे पानाला हात लागताच काम क्षणभर थांबून कर्नलकडे जाईल असे करते. तो खर्च संमिश्र कामांच्या सर्व्हरवर परवडतो, आधीच नीट बांधलेल्या कामावर वाया जातो.

निवड केल्यावर न्यूमास्टॅट (नोडनिहाय मेमरीवाटपाचे आकडे दाखवणारे साधन) पाहताना ‘न्यूमा मिस’ शून्य आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. तो आकडा पान ठरलेल्या नोडऐवजी दुसरीकडे द्यावे लागले एवढेच मोजतो. दूरचे वाचन किती झाले, हे त्यात येत नाही.