नरकासुराचा कागदी मुखवटा : म्हापशाच्या बाजारातील खरेदी

दिवाळी जवळ आली की गोव्यातील म्हापसा, मडगाव आणि पणजीच्या बाजारांत नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यांसाठी तयार मुखवटे विक्रीला येतात. आमच्या वाड्यावरील मुलांनी उभारलेल्या नरकासुरासाठी म्हापशाहून आणलेल्या मध्यम आकाराच्या कागदी मुखवट्याविषयी हा अभिप्राय आहे. शेजारीच फायबरचे आणि थर्माकोलचे मुखवटे मांडलेले होते आणि ते अधिक गुळगुळीतही होते. तरीही घ्यावा तो कागदीच, असे माझे ठाम मत आहे.

मातीच्या साच्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने थरावर थर चिकटवायचे, ते उन्हात वाळवायचे आणि मग कवच अलगद सोडवून रंगवायचे, अशी याची रीत आहे. आमच्या मुखवट्याच्या आतल्या बाजूला बातम्यांचे मथळे अजून वाचता येतात. कपाळ आणि जबडा येथे थर चांगले जाड असल्यामुळे बांबूच्या सांगाड्याला तारेने आवळताना तो कोठे दबला नाही. खरी कारागिरी मात्र डोळ्यांत आहे. ते हाताने रंगवलेले असून दोन बुबुळांच्या दिशांत किंचित फरक आहे, त्यामुळे कोणत्याही बाजूने गेले तरी त्याचा एक डोळा आपल्यावर आहेच, असे वाटत राहते. एकाच साच्यातून निघून एकाच फवाऱ्याने रंगलेल्या फायबरच्या चेहऱ्यांत हे सापडले नाही.

भागवताच्या दहाव्या स्कंधात भौमासुर या नावाने येणारा हा प्राग्ज्योतिषपूरचा राजा सोळा हजारांहून अधिक राजकन्यांना बंदीत ठेवणारा जुलमी आहे, आणि गरुडावरून सत्यभामेसह येऊन त्याला मारणारा कृष्ण हा कथेचा नायक आहे. तरीही नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातली माणसे रस्त्यावर येतात ती नरकासुर पाहायला. मला वाटते, याचे एक कारण या मुखवट्यातच दिसते. कृष्णाचे मोरपीस, पीतांबर आणि बासरी ठरलेली आहेत, त्यांत कारागिराने फारसे काही करायचे उरत नाही. राक्षसाच्या चेहऱ्याला मात्र कसलाच नियम नसल्यामुळे सुळे किती लांब असावेत, जीभ कोठवर लोंबावी आणि मिशी कशी वळावी, हे सारे करणाऱ्याच्या कल्पनेवर सोडलेले असते. दुसरे कारण असे की हे भय पहाटे जळणार आहे हे सर्वांना ठाऊक असते. एरवी अंधाराला बिचकणारी आमच्याकडची मुले या जबड्यात कोपरापर्यंत हात घालून पाहत होती. प्रत्यक्ष आयुष्यातला जुलूम असा समोर उभा राहत नाही आणि त्याच्या अंताची वेळही कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच जवळ जाऊन न्याहाळता येणाऱ्या राक्षसाची मोठ्यांनाही इतकी ओढ वाटत असावी.

उणिवाही आहेत. कानांचे जोड कच्चे होते आणि ते पुन्हा कागद लावून पक्के करावे लागले. बांधण्यासाठी भोके पाडलेली नव्हती. रंगावर वॉर्निशचा हात नसल्यामुळे परतीच्या पावसाच्या दमट हवेत कडा नरम पडल्या, आणि गोव्यातल्या ग्राहकासाठी माल करणाऱ्याने एवढी काळजी घ्यायलाच हवी होती.

जळण्याच्या बाबतीत कागदाला तोड नाही. सांगाड्यातल्या सुक्या गवताने पेट घेताच मुखवटा चटकन जळून गेला. थर्माकोल आणि फायबर जळताना काळा, घशाला झोंबणारा धूर सुटतो, आणि सर्वांत पुढे मुलेच उभी असतात. म्हणून माझ्या दृष्टीने हा एकच मुद्दा निर्णायक आहे.

घेताना जबड्याच्या मागून अंगठ्याने दाबून पाहावे. कागद आत गेला तर तो नीट वाळलेला नाही. चांगले चेहरे लवकर संपतात, म्हणून खरेदी शेवटच्या दिवसावर टाकू नये, आणि हाताच्या कामाचे मोल लक्षात घेऊन घासाघीस बेताने करावी.